चेहरा झाकलेली बाई

डॉक्टरबाईंना चेहरे लक्षात राहत नसत. सख्खा चुलतभाऊ रस्त्यात समोर आला तरी त्या 'आपण कोण?' असं तोंड करून उभ्या राहायच्या. मग त्याने वैतागून हात झटकला की म्हणायच्या, "अरे, तू होय!" त्या हात ओळखायच्या. हात, खांदे आणि पावलं. मेंदूच्या आजारांमागे अर्धं आयुष्य गेल्यावर बाईंना माणूस मानेपासून खालीच दिसतो, असं त्यांचे सहकारी म्हणत. पाठीमागे त्यांना 'घार' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, क्ष-किरण विभागाच्या वरच्या मजल्यावर त्यांची लांबट खोली होती. खिडक्यांना जाड काळे पडदे, एका टोकाला मोठा पडदा, दुसऱ्या टोकाला खुर्ची आणि तिच्यामागे टांगलेलं राखाडी कापड. बाहेर भर दुपार असली तरी आत गेलं की डोळे चोळायला लागत. या खोलीत त्या माणसं बघत बसायच्या.

ज्या आजारासाठी बघायच्या त्याला धड नावही नव्हतं. सीमेच्या अलीकडचे डॉक्टर एका नावाने ओळखत, पलीकडचे दुसऱ्या. आणि ज्यांच्या घरात तो होता ते त्याला काहीच म्हणत नसत. नाव घेतलं की यायचा, अशी त्यांची समजूत. दोन्ही देशांतल्या मोजक्या घराण्यांत तो आईकडून मुलीकडे, बापाकडून मुलाकडे उतरत आला होता. पन्नाशीच्या पुढे कधीतरी झोप तुटायला लागायची. मग तोल जायचा, मग हातपाय ऐकेनासे व्हायचे. शेवटी कोपऱ्यात, दारात, पलंगाच्या पायथ्याशी माणसं दिसायला लागायची. बहुतेकांना आपलीच गेलेली माणसं दिसत. शेजारीपाजारी 'झपाटलंय' म्हणून मोकळे होत आणि घरचे दारं लावून घेत.

रक्त तपासून कळावं असं त्यात अजून काही सापडलं नव्हतं. पक्की खात्री व्हायची ती माणूस गेल्यावर, मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर. जिवंतपणी नुसतं बघायचं, एवढाच उपाय होता. म्हणून दोन्ही देशांनी मिळून बघायचं ठरवलं. त्यातही तऱ्हा अशी, की रक्ताच्या नळ्या सीमेवर अडायच्या आणि मेंदूचे तुकडे गोदामात पडून राहायचे. चित्रफितींना मात्र कुणी अडवत नव्हतं. दोन सरकारांचं एकमेकांशी कितीही वाजलं तरी फिती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे बिनबोभाट जात.

पद्धत डॉक्टरबाईंनीच घालून दिली होती. माणसाला ढगळ राखाडी झगा द्यायचा, अंगठ्या-बांगड्या उतरवून घ्यायच्या, कापडासमोर बसवायचं, हात मांडीवर ठेवायला सांगायचे आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला लावायचं. मन हिशेबात गुंतलं की शरीर बोलायला लागतं, असं त्या म्हणत. मग फितीतला आवाज काढायचा, चेहऱ्यावर चौकोन टाकायचा आणि काही फिती आरशातल्यासारख्या उलट्या करायच्या, म्हणजे डावखुरेपणावरूनही कुणी ओळखू नये. त्यातच धडधाकट माणसांच्या फिती मिसळून द्यायच्या. बघणाऱ्याला कोण आजारी, कोण बरा हे कळता कामा नये, आणि आपल्या नात्यातलं माणूस असेल तर त्याने त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही. या बाबतीत बाई ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसत.

आजाराचं सगळ्यात पहिलं लक्षणही त्यांनीच शोधलं होतं. झोप तुटायच्या कितीतरी आधी, माणूस हिशेबात गुंतला की त्याच्या एका हाताचा अंगठा हळूच बोटांच्या टोकांवरून फिरतो. करंगळीपासून तर्जनीपर्यंत जातो, थांबतो, पुन्हा मागे येतो. दुकानात कापड चिमटीत धरून बघतात, तसा. बाईंनी त्याला 'पोत' म्हटलं आणि दोन्हीकडे तेच नाव रुळलं. ते कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर "सुचलं" म्हणून त्या मोकळ्या झाल्या असत्या.

ते त्यांच्या आईकडून आलं होतं. आई लोकांचे कपडे शिवायची. मशीनवर नसली तरी, भाजी शिजेपर्यंत उंबऱ्यात बसली तरी, तिचा अंगठा बोटांवर फिरत असायचा. "हिला झोपेतही तागे दिसतात," असं वडील चेष्टेने म्हणत. पुढे आईला झोपच येईनाशी झाली, आणि मग दिसायला लागली ती माणसं. "ती बघ, दारात उभी आहे माझी आई. आत घे ना तिला," असं ती काकुळतीला येऊन म्हणायची. दारात कुणी नसायचं. डॉक्टरबाई तेव्हा कॉलेजात होत्या. मैत्रिणींना घरी आणायचं त्यांनी बंद केलं. आई न्यूमोनियाने गेली, असं त्या पुढे सगळ्यांना सांगत. शेवट न्यूमोनियानेच झाला होता, तेव्हा ते खोटंही नव्हतं.

आणि आजार तर ठरावीक घराण्यांतलाच. आईचं घराणं त्यातलं नव्हतं. म्हणजे खरं तर आईचं घराणं कुठलं हेच कुणाला माहीत नव्हतं. माहेरचा विषय काढला की ती म्हणायची, "मला माहेर नाही बाई, मी कापसातून आले." पोरांना वाटायचं, आई गंमत करते. डॉक्टरबाई एवढ्या दुनियेचे हात वाचणाऱ्या, पण या एका जागी त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

त्या दिवशी पलीकडच्या आणि अलीकडच्या मिसळलेल्या फितींचा नवा गठ्ठा बघायचा होता. फिती लावायचं काम कॅमेरेवाल्याचं. हा गडी बोलका, अखंड टकळी चालू, पण कोणत्या फितीत कोण आहे हे एकट्यालाच ठाऊक असून त्या बाबतीत तोंडाला कुलूप. बाई बघायच्या, मत सांगायच्या, तो नोंदवायचा.

"पोत नाही. पुढे. नाही. हा नुसता घाबरलाय, बघ गुडघे कसे हलतायत. पुढे."

पुढची फीत सुरू झाली. एक बाई. झग्यावरून अंगलट कळत नव्हती, पण हातांवरून पन्नाशी ओलांडलेली. शिरा वर आलेल्या, नखं बारीक कापलेली. थोडा वेळ हात गप्प होते. मग एका हाताचा अंगठा उठला आणि करंगळीवर टेकला. तिथून अनामिकेवर आला. मधल्या बोटावर जरा रेंगाळला, जसं काही तिथे धागा जाड लागलाय. मग तर्जनी. मग थांबला.

डॉक्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. समोर आई बसली होती. चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन होता, पण हात आईचे होते. ते मधल्या बोटावर रेंगाळणंही आईचंच. आई जाऊन किती वर्षं झाली हे त्यांना ठाऊक होतं, तिची राख त्यांनी स्वतः पाण्यात सोडली होती. तरी त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो 'आई' हाच, आणि दुसरा विचार आला तो, ही इथे कशी आली.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

कॅमेरेवाल्याने लावली. एरवी तो काहीतरी बोलला असता. आज त्याने वर बघितलंही नाही.

"पुन्हा."

"बाई, पाणी देऊ का?"

"नको. लिही. पोत आहे, अगदी स्पष्ट. आजार आहे, सुरुवात आहे." आणि मग, मतापलीकडे कधी चकार शब्द न बोलणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हिच्या घरच्यांना लवकर गाठा म्हणावं. हिला मुलंबाळं असतील."

कॅमेरेवाल्याने मान खाली घालून नोंद केली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मोरीत भांडी घासताना त्यांना वाटायचं, मागे कुणीतरी उभं आहे. वळलं की कपाट. कपडे वाळत घालताना मशीनच्या तेलाचा वास यायचा, आणि घरात मशीन नव्हतं. डोळ्याच्या कडेला काहीतरी हलायचं, नीट बघितलं की नाहीसं व्हायचं. थकवा, त्या स्वतःला म्हणत. फार फिती बघितल्या. पण दाराकडे बघायचं त्या टाळायला लागल्या होत्या. त्यांना भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी भीती. लेकीला फोन करावा असं वाटायचं. पण लेक अलीकडे दोन वाक्यांत फोन आटपायची. "कामात आहे गं आई," म्हणायची. तरण्याताठ्या पोरीला काम असणारच, अशी बाई मनाची समजूत घालत.

मग गठ्ठा उघडायची बैठक आली. मोठ्या पडद्यावर पलीकडची मंडळी दिसायला लागली. मध्यभागी त्यांचे प्रोफेसर. सगळे त्यांना 'शंकासुर' म्हणत, कारण सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ते 'पुरावा?' विचारायचे. माणूस मात्र सोन्यासारखा. डॉक्टरबाईंचं आणि त्यांचं गेली कित्येक वर्षं भांडणावरच जमलेलं होतं.

त्या बैठकीला महत्त्व होतं. एक औषध हाताशी आलं होतं. ते आजार बरा करत नव्हतं, पण झोप तुटायच्या आत सुरू केलं तर आजाराची चाल बरीच मंदावेल, अशी दोन्हीकडच्यांना आशा होती. इतक्या आधी आजार ओळखायचा तर पोत हे एकच लक्षण होतं. ते या गठ्ठ्यात खरं ठरलं की दोन्ही देशांत त्या घराण्यांतल्या माणसांना बोलावून तपासायचं आणि औषध द्यायचं, असं ठरलं होतं. खोटं ठरलं तर लक्षण रद्द, आणि सगळ्यांनी झोप तुटायची वाट बघत बसायचं.

एकेक फीत उघडत गेली. पोत असलेले सगळे आजारी घराण्यांतले निघाले. एक सोडून.

"ही बाई," शंकासुर म्हणाले. "तुम्ही पोत म्हणालात. आमच्या दोघांनीही पोतच म्हटलंय, तेव्हा तुमची नजर चुकली असं मी म्हणणार नाही. पण ही तुमच्याकडची निरोगी माणसांतली फीत आहे. धडधाकट बाईत लक्षण दिसत असेल, तर ते लक्षण कसलं? ती नुसती सवय."

"ती बाई निरोगी नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुरावा?"

खोलीत कुणी हसलं नाही. शंकासुरही हसले नाहीत. "मला यात आनंद नाही हो," ते म्हणाले. "माझ्याकडे बाहेर बाकांवर माणसं बसलीयत. पण नियम आपण दोघांनी मिळून केलाय. त्या बाईला आजार आहे हे पुढच्या बैठकीत दाखवा, नाहीतर पोत सोडून द्या."

पडदा काळा झाल्यावर डॉक्टरबाई कॅमेरेवाल्याकडे वळल्या. "कोण आहे ती?"

तो केबल गुंडाळत होता. गुंडाळलेली केबल त्याने पुन्हा सोडली. "नाव सांगायचं नाही हा नियम तुमचाच ना, बाई."

"ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला कळवायचं, हाही माझाच. अरे, तिला औषध मिळू शकतं. कोण आहे? स्वयंपाकघरातली कुणी? नर्स?"

"बाई, आधी बसा."

"मी बसायला आले नाही इथे."

"तेव्हा निरोगी माणसं कमी पडत होती," तो खालमानेनं म्हणाला. "ड्रायव्हरला बसवलं, दोन नर्सबाई बसल्या. भांडारातल्या बाईंनी ऐन वेळी टांग मारली. तुम्ही माझ्यावर ओरडलात, काम अडवतोस म्हणालात. आणि मग तुम्हीच म्हणालात, 'आण तो झगा इकडे. मी बसते, मला काय धाड भरलीय.'"

डॉक्टरबाई बसल्या. त्यांना ते आठवलं, पण फार अंधूक. दोन कामांच्या मधे उरकलेलं पाच मिनिटांचं काम. त्यांनी आपले हात मांडीवरून उचलून समोर धरले. आपले हात आपण नेहमी वरून बघतो. समोर बसून कुणी आपले हात बघत नाही, त्यांनीही कधी बघितले नव्हते. त्यात फीत उलटी केलेली. घारीला आपलं घरटंच दिसलं नव्हतं.

"मी मेलो तरी बोलणार नाही," कॅमेरेवाला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "कुणाला कळणार नाही, बाई. लक्षण गेलं तर गेलं. तुम्ही दुसरं शोधाल."

तो मनापासून सांगत होता, आणि खरंही सांगत होता. गप्प बसलं की भागत होतं. त्या एकट्याच आयुष्याचा शेवट गुपचूप काढतील. लेकीला आजीसारखाच एखादा न्यूमोनिया सांगायचा. आणि पलीकडे बाकांवर बसलेली माणसं बसून राहतील. बाईंना स्वतःच्या मरणाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून मोठी होती ती लेकीसाठीची. कारण हा आजार आईकडून मुलीकडे येतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

लेक दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ती त्यावर मेणाचे, मग पक्के दात घडवायची. तिच्या कामाच्या खोलीत मेणाचा आणि जळक्या प्लास्टिकचा वास असायचा आणि टेबलावर कवळ्या ओळीने हसत बसलेल्या असायच्या. डॉक्टरबाई सकाळीच तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"आज इकडे कुठे?" लेक वर न बघता म्हणाली. "कुणाची बत्तिशी पडली?"

बाईंनी सुरुवात केली ती अभ्यासापासून, म्हणजे आजाराचं प्रमाण, लक्षणांची विश्वासार्हता, औषधाच्या मर्यादा. लेकीने मेण कोरायची छोटी सुरी खाली ठेवली.

"आई, डॉक्टरसारखं बोलू नकोस. आईसारखं बोल. नेमकं काय झालंय?"

"मला पोत आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लेक समोरच्या कवळीकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, तिला कळलं नाही. त्या समजावून सांगायला लागल्या तशी ती म्हणाली, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"त्या मोठ्या सभागृहात तुझं भाषण होतं, मला बळेच बसवलं होतंस. आठवतंय? तू उजव्या हाताने पडद्यावर दाखवत होतीस, अंगठा असा फिरतो म्हणून सांगत होतीस. आणि तुझा डावा हात खाली लोंबत होता, तो तेच करत होता." तिने आपला हात टेबलाखाली नेला, करून दाखवला नाही. "सगळ्यांना वाटलं तू करून दाखवतेयस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई. भाषण संपलं, प्रश्न झाले, तू पाणी प्यायलीस, माझ्याशी बोलत गाडीपर्यंत आलीस. तोवर तो हात चालूच होता."

डॉक्टरबाईंनी आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आणि तू मला बोलली नाहीस?"

"तुला? अगं, त्या आजाराची सगळ्यात मोठी डॉक्टर तू! मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि तू माझ्यापासून लपवतेयस. रोज वाट बघायचे, आज सांगेल, उद्या सांगेल. मग राग यायला लागला. फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू यायचं, म्हणून लवकर ठेवायचे." ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला सुचलंच नाही की तुला खरंच दिसलं नसेल."

मग डॉक्टरबाईंनी आजीचं सगळं सांगितलं. उंबरा, अंगठा, तागे, दारात उभी असलेली माणसं. लेकीला त्यांनी आजीबद्दल इतकं कधीच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता त्या रडल्या. आपण आईला तेव्हा लाजलो, याचं रडू त्यांना सगळ्यात जास्त आलं.

"मला न्यूमोनिया सांगितला होतास," लेक म्हणाली.

"स्वतःलाही तेच सांगितलं होतं गं."

"मग आता त्या लोकांना काय सांगणार आहेस?"

"तू नको म्हणालीस तर काहीच नाही."

लेक उठली, तिने हात धुतले, पुसले. "असं माझ्यावर ढकलू नकोस," ती म्हणाली. "सांग. मी येते बरोबर."

पुढच्या बैठकीत पडदा उजळला तेव्हा खोलीच्या मागच्या बाजूला, कपाटाला टेकून लेक उभी होती. शंकासुरांनी नमस्कार-चमत्कार आटपले आणि विचारलं, "त्या बाईचं काय?"

"ती बाई मी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी चेहऱ्यावरचा चौकोन काढायला सांगितलं. कॅमेरेवाल्याने काढला. पडद्यावर राखाडी झग्यातल्या डॉक्टरबाई, भुवया आक्रसून, ओठ हलवत हिशेब करत होत्या. मग त्यांनी झोपेचं सांगितलं, अलीकडे पहाटे लवकर जाग येते ते. मोरीतल्या सावलीचं सांगितलं. आईचं सांगितलं. कुणाही रुग्णाची हकिकत सांगावी तशा त्या सांगत गेल्या. पलीकडची एक तरुण डॉक्टर तोंडावर हात ठेवून बसली होती.

शंकासुरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. पुरावा त्यांनी मागितला नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आईंचं माहेर कुठलं म्हणालात?"

"कधी सांगितलं नाही तिने. मी कापसातून आले, म्हणायची."

पलीकडे कुणीतरी कुणाकडे तरी बघितलं. "आमच्याकडे एक घराणं आहे," शंकासुर हळूच म्हणाले. "पिढीजात कापूस पिंजणारे. त्यांच्यातली एक मुलगी घरातली आजारपणं बघून तरुणपणीच निघून गेली, सीमेपलीकडे. तिचं नाव घरात कुणी घेत नाही. मी त्यांना विचारल्याशिवाय याहून जास्त सांगणार नाही. पण त्या घरातली बरीच माणसं आपल्या फितींत आहेत."

म्हणजे इतकी वर्षं त्या या काळोख्या खोलीत आपल्या मामांचे, मावश्यांचे, मामेबहिणींचे हात बघत होत्या. 'पोत आहे, पुढे,' म्हणत होत्या. आईला माहेर होतं. ते या पडद्यावर रांगेने येऊन बसून गेलं होतं, तोंड झाकून, आणि डॉक्टरबाईंनी त्यातलं एकही माणूस ओळखलं नव्हतं.

"पोत राहील," शंकासुर म्हणाले. "उद्यापासून इथे माणसं बोलावतो." मग त्यांनी समोरचा कागद उलटला. "बाई, नियमाने मला विचारायला हवं. तुमचे जवळचे रक्ताचे नातेवाईक?"

"मी," मागून लेक म्हणाली. "मुलगी. मला आजच बसवा."

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "आज कशाला? घाई नाही काही. तुझं वय काय, तुला काय, अजून कितीतरी—"

"आई."

"बसायचंच असं बंधन नाही कुणावर. बऱ्याच जणांना कळून घ्यायचं नसतं, आणि त्यात काही चूक नाही..."

"आई, मी खूप थांबलेय," लेक म्हणाली. तिने कॅमेरेवाल्याच्या हातातून झगा घेतला, आतल्या खोलीत जाऊन घालून आली, बोटातली अंगठी काढून टेबलावर ठेवली आणि राखाडी कापडासमोर बसली. हात मांडीवर ठेवले. त्या झग्यात ती कुणीही वाटत होती.

सवयीने डॉक्टरबाई कॅमेऱ्याशेजारच्या आपल्या खुर्चीकडे गेल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवल्यावर त्या थांबल्या. कॅमेरेवाला, पडद्यावरचे लोक, सगळे दुसरीकडे कुठेतरी बघत होते. नात्यातल्या माणसाने खोलीत थांबायचं नाही, हा नियम आता कुणी बोलून दाखवला नसता. त्यांनीच तो मनात एकदा वाचला, लेकीकडे पाहिलं, तिच्या चेहऱ्याकडे, हातांकडे नाही, आणि त्या बाहेर गेल्या.

व्हरांड्यात ऊन होतं. खालून क्ष-किरणवाल्यांची ट्रॉली गेली. दार मागे ओढून घेतलं होतं तरी आतलं ऐकू येत होतं.

"त्र्याण्णव," लेक म्हणाली. "शहाऐंशी. एकोणऐंशी."

मग थांबली. गणितात ती पहिल्यापासून कच्ची. शाळेत असताना वजाबाकी आली की पेन्सिल चावत बसायची आणि चोरून आईकडे बघायची. डॉक्टरबाई दाराला कपाळ टेकवून उभ्या होत्या. हजारो माणसांचे हात त्यांनी या खोलीत वाचले होते, आणि हे दोनच हात त्यांना बघता येणार नव्हते. आत ते गप्प आहेत की हलतायत, हे पलीकडच्या देशात बसलेल्या माणसांना आत्ता दिसत होतं.

"बहात्तर," बाई दाराला पुटपुटल्या. "बहात्तर गं, सोने."

"बहात्तर," आतून आवाज आला.